फादरची चिठ्ठी, सरकारचा पगार

(वस्तीतल्या डी.एड., बी.एड. झालेल्या पोरापोरींच्या बैठकीत केलेलं भाषण. बोललो तसंच ठेवलं आहे, फक्त शिव्या कमी केल्यात.)



मी मास्तर नाही. मी मॅट्रिक. गोदीत कंत्राटदाराच्या टोळीत माल उचलतो, रात्री कविता लिहितो. ह्याला शाळेच्या नोकरीवर बोलायचा अधिकार काय, असं मागच्या रांगेतून आत्ताच कोणीतरी पुटपुटलं. बरोबर आहे. माझा अधिकार एवढाच, की माझी धाकटी बहीण बी.एस्सी. बी.एड. झाली आणि तिचे अकरा अर्ज मी स्वतः शाळाशाळांतून नेऊन दिले. ती सकाळी शिकवण्या घेते, माझी पाळी दुपारची. अकरापैकी सहा शाळा कॅथलिक. त्या सहांबद्दल बोलायचंय.

कॅथलिकच का, असं विचाराल. कारण दुसरीकडं काय झालं ते ऐका. एका मराठी संस्थेत गेलो. भिंतीवर फुले, शाहू, आंबेडकर, तिन्ही फोटो, तिन्हींना हार. संस्थेचा माणूस म्हणाला, "जागा आहे. कॅटेगरीचीच आहे. चौदा लाख होतील." माझ्या टोळीतले सगळे हात विकले तरी चौदा लाख होत नाहीत. राखीव जागेलासुद्धा बोली. मग त्या फोटोंना हार कशाला घालता?

कॅथलिक शाळेत आमच्याकडं कुणी पैसा मागितला नाही. हे मी आधी सांगतो, नाहीतर पुढचं बोलणं खोटं ठरेल. सहाही ठिकाणी बसायला खुर्ची दिली. एका सिस्टरनं पाणी दिलं, ग्लासात. माझी आई ज्या वयात दुसऱ्याच्या घरची भांडी घासत होती त्या वयाची पोरं तिथं वर्गात बसलेली बघितली, की वाटतं, आपली बहीण इथं फळ्यासमोर उभी राहिली पाहिजे.

तर पहिली शाळा. अर्जाचा छापील फॉर्म. नाव, शिक्षण, जन्मतारीख, धर्म. आणि धर्माच्या खाली रकाना : पॅरिश. बहिणीनं फोन करून विचारलं, "दादा, पॅरिश म्हणजे काय रे?" मला ठाऊक होतं. माझगावात वाढलेल्या पोराला चर्च ठाऊक असतं. म्हणलं, पॅरिश म्हणजे चर्चचा वॉर्ड. तुझा वॉर्ड महानगरपालिकेचा, त्यांचा चर्चचा. खालीच लिहिलेलं होतं, पॅरिश प्रीस्टचं पत्र जोडावं.

गोदीत यलो गेटला पास बघतात. पास नसला तर तुझ्या दंडात बैलाचं बळ असेना का, तू बाहेर. तसं हे. फादरची चिठ्ठी म्हणजे गेटपास.

तिनं रकान्यात रेघ मारली आणि धर्मापुढं लिहिलं, बौद्ध. अर्ज दिला. एका शाळेनं बोलावलं. सातवीच्या वर्गावर पाठ घ्यायला लावला, प्रकाशाचं परावर्तन. हिनं घरचा फुटका आरसा नेला होता. खिडकीतलं ऊन पोरांच्या तोंडावर पाडलं, पोरं खूश. मी बाहेर व्हरांड्यात. मुख्याध्यापिका सिस्टर म्हणाल्या, "व्हेरी गुड. फार छान." मग ऑफिसात बसवून विचारलं, "तुम्ही कुठल्या पॅरिशच्या?" ही म्हणाली, "सिस्टर, आम्ही बौद्ध." सिस्टर हसल्या. वाईट हसल्या नाहीत, मी बघत होतो. म्हणाल्या, "वी विल लेट यू नो."

जूनमध्ये शाळा सुरू झाली. जागा भरली होती. जाहिरात आम्ही कुठं वाचली नाही. जी बाई लागली ती चांगली शिकवत असेल, माझं तिच्याशी भांडण नाही. पण ती जागा आहे हे तिला कळलं कसं? रविवारी मिस्सा सुटल्यावर चर्चच्या पायरीवर कळलं. आमचा रविवार वेगळ्या ठिकाणी जातो.

त्या रात्री आई म्हणाली, "पाण्याचे चार थेंब तर हायेत. घ्यावं डोक्यावर. पोटाला भाकर मिळंल." आईला मी काही बोललो नाही. १९५६ साली तिच्या बापानं खांद्यावर पोर घेऊन नागपूर गाठलं होतं, तीच आई हे बोलते, म्हणजे बेकारीनं माणसाला कुठवर आणलंय बघा. बहीणच म्हणाली, "आई, मी फॉर्मात खोटं लिहिणार नाही. आणि खोटं लिहून देव बदलला तर तो देव तरी माझ्यावर विश्वास ठेवील का?" विषय संपला.

पण खरी गंमत पुढं आहे. ज्यांच्या डोक्यावर ते चार थेंब पडलेत त्यांचं काय झालं?

माझ्या टोळीत एक दोस्त आहे. राहुरीकडचा. नगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगरमध्ये, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला जेझुइट फादर गेले आणि महारवाडेच्या महारवाडे कॅथलिक झाले. हा त्यातला. त्याच्या बायकोचं डी.एड. झालंय. बाप्तिस्मा आहे, पॅरिश आहे, फादरची चिठ्ठी आहे. सगळे पास आहेत. तीही दोन शाळांत गेली. पहिल्या ठिकाणी सांगितलं, तुमचं इंग्रजी बोलणं आमच्या पोरांना कळणार नाही. दुसऱ्या ठिकाणी विचारलं, तुमचं मूळ गाव कुठलं? गाव सांगितल्यावर पुढचे प्रश्न संपले. मुंबईतला कॅथलिक म्हणजे गोव्याचा, मंगळूरचा, ईस्ट इंडियन. नगरचा कॅथलिक कोण, हे गावाच्या नावावरून कळतं. आपल्याकडं आडनाव विचारतात, तिथं गाव विचारलं. फरक एवढाच.

म्हणजे आई, ऐक. थेंबांनी भागत नाही.

आणि ती बाई सरकारी भरतीत गेली, तर तिथं अनुसूचित जातीचा दाखला नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात लिहिलं, हिंदू नसेल तो अनुसूचित जातीचा नाही. १९५६ मध्ये शिखांना घेतलं. आपल्याला, बौद्धांना, १९९० मध्ये. चौतीस वर्षं बुद्धाकडं गेल्याची शिक्षा केंद्राच्या यादीत आपण भोगली. ख्रिस्ती झालेले महार-मांग अजून बाहेरच. महाराष्ट्रात त्यांना ओबीसीत टाकतात. २००७ साली रंगनाथ मिश्रा आयोगानं सांगितलं, धर्माची अट काढा. काढली नाही. २०२२ मध्ये पुन्हा आयोग नेमला, न्यायमूर्ती बालकृष्णन यांचा. चर्चच्या दारात ती महार आणि सरकारच्या दारात ख्रिस्ती. आमच्या बहिणीला निदान एक दार तरी आहे.

हे मी मनचं बोलत नाही. १३ डिसेंबर २०१६ ला भारतातल्या कॅथलिक बिशपांनी स्वतः दलितांविषयीचं धोरण छापलं. त्यात कबूल केलं की चर्चमध्ये जातीभेद आहे. आणि आकडा दिला : देशात १ कोटी ९० लाख कॅथलिक, त्यातले १ कोटी २० लाख दलित. पहिला दलित कार्डिनल कधी झाला? २०२२ मध्ये, हैदराबादचे आर्चबिशप अँथनी पूला. तीनातले दोन आपले, आणि टोपी मिळायला एवढा वेळ.

आता पैशाकडं या. अनुदानित शाळेतल्या मास्तराचा पगार कोण देतं? चर्चच्या दानपेटीतून येत नाही. सरकार देतं. मंजूर पदावर आधी शिक्षणसेवक, तीन वर्षं. माध्यमिकला २०२३ पासून महिना १८,००० रुपये, मग वेतनश्रेणी. शिक्षण खात्याची वैयक्तिक मान्यता लागते, शालार्थचा आयडी लागतो, तेव्हा पगार निघतो. सिस्टर आणि फादर शिकवत असतील तर त्यांचाही पगार तिथूनच. तमिळनाडू आणि केरळमधले धर्मप्रांत कोर्टात गेले, की आमच्या सिस्टर-फादरांनी दारिद्र्याचं व्रत घेतलंय, पगार संघाला जातो, आयकर कापू नका. नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं, पगार आहे, कर कापला जाईल. म्हणजे कोर्टानंही मानलं की तो पगार आहे, दक्षिणा नव्हे. त्या पगारात माझ्या आईनं काड्यापेटीवर भरलेला कर आहे.

पण त्या पगाराच्या जागेवर आरक्षण नाही. घटनेचं कलम ३०. अल्पसंख्याकांनी आपली शाळा काढावी आणि चालवावी. म्हणून बिंदुनामावली त्यांना लागू नाही. महाराष्ट्राचा १९७७ चा खाजगी शाळांचा कायदा आहे, त्यातही अल्पसंख्याक शाळेचा मुख्याध्यापक आणि आणखी तीन माणसं यांची नेमणूक कायद्याच्या बाहेर ठेवलीय. आपली माणसं घ्यायला कायद्यानंच ठेवलेली जागा ती. चौघं. मग उरलेल्या सगळ्या स्टाफला फादरची चिठ्ठी कशाला?

केरळात १९५७ साली नंबुद्रिपादांच्या सरकारनं हेच विचारलं होतं. पगार आम्ही देतो, तर मास्तर लोकसेवा आयोगाच्या यादीतून घ्या, आणि त्यात मागासांचं आरक्षण ठेवा. १९५८ मध्ये सुप्रीम कोर्टानं त्या विधेयकातली काही कलमं अल्पसंख्याकांपुरती उडवली, पण हे कलम, कुरकुरत का होईना, चालू दिलं. मग चर्च आणि नायर संघटना हातात हात घालून रस्त्यावर उतरल्या. ३१ जुलै १९५९ ला सरकार बरखास्त. एरवी न जमणारे दोघं मास्तरांच्या नेमणुकीवर कसे जमले, याचा विचार करा. पुढं ते कलम गेलं. आजही तिथं अनुदानित शाळेत मॅनेजर नेमतो आणि सरकार पगार देतं.

इथं आपल्यातले काही मित्र तापतात. म्हणतात, कलम ३० च काढून टाका. मी म्हणतो, थांबा. ते निघालं तर पेढे कोण वाटील? २००८ साली कंधमालमध्ये ज्यांनी चर्चं जाळली ते वाटतील. आणि तिथं मेले कोण? जास्त करून पाण दलित आणि आदिवासी ख्रिस्ती. ते आपलेच. शिवाय ते कलम आपलंही आहे. १९९३ पासून बौद्ध हे केंद्राच्या यादीत अल्पसंख्याक आहेत. बाबासाहेबांनी १९४५ ला पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली ती दुसऱ्याच्या दारात उभं राहावं लागू नये म्हणूनच. आपल्या माणसांच्या संस्थांत काय चाललंय त्यावर एक वेगळी बैठक घ्या, मला बोलवा, शिव्या राखून ठेवतो.

तर भांडण कलमाशी नाही. पॅरिशच्या रकान्याशी आहे. कलमानं शाळा चालवायचा हक्क दिला, जागा लपवायचा नाही दिला.

आता कामाचं. अर्ज करायचाच. धर्मापुढं बौद्ध लिहायचं, ठळक. शिपाई म्हणतो, टेबलावर ठेवून जा. ठेवायचा नाही. झेरॉक्सवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्यायचा. माझे पहिले तीन अर्ज टेबलावर ठेवले, त्यांचा पुरावा आज माझ्याकडं नाही. माझीच चूक. जातवैधता काढून ठेवा, लागो न लागो. टीईटी द्या. अल्पसंख्याक शाळांना ती लागते की नाही हे घोंगडं सप्टेंबर २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं मोठ्या खंडपीठाकडं पाठवलंय, उद्या लागू झाली तर दारात उभं राहून तीच विचारतील. इंग्रजी बोलायची भीती वाटत असेल तर माझी बहीण बुधवारी रात्री बसते, या. तिला अजून नोकरी नाही, वेळ आहे.

मग माहितीचा अधिकार. शिक्षण निरीक्षकांच्या ऑफिसात दहा रुपयांचा अर्ज. विचारायचं : अमुक शाळेच्या संचमान्यतेत अनुदानित पदं किती, रिकामी किती, गेल्या पाच वर्षांत किती जणांना वैयक्तिक मान्यता दिली, आणि त्या प्रत्येक जागेची जाहिरात कुठल्या पेपरात, कुठल्या तारखेला. एवढंच. जातीचं काही विचारू नका, नाहीतर फाईल त्याच बहाण्यावर बसेल. तारखा मिळाल्या की बाकीचं आपल्याला वाचता येतं.

आणि राहुरीचा दोस्त, त्याची बायको, तिच्यासारख्या अजून सात-आठ जणी निघाल्यात. त्यांनी पत्र लिहिलंय आर्चबिशपांना. बिशपांच्या २०१६ च्या धोरणाची प्रत सोबत जोडलीय. मागणी साधी : प्रत्येक अनुदानित जागेची उघड जाहिरात, फॉर्मातला पॅरिशचा रकाना बंद, आणि चौघं सोडून उरलेल्या जागांत दलितांना, मग ते ख्रिस्ती असोत की बौद्ध, स्वतःहून वाटा. त्या पत्रावर आपण सह्या करायच्या का, यावर काल इथं वाद झाला. एक जण म्हणाला, त्यांच्या घरातलं भांडण आहे, आपण कशाला पडायचं. मी त्याला विचारलं, तुझ्या आजोबाचा आणि तिच्या आजोबाचा पाणवठा वेगळा होता का?

दगड नाही, घोषणा नाही. पत्र घेऊन जायचं, पोच घ्यायची, परत यायचं. तीस दिवसांनी पुन्हा जायचं.

पत्र टेबलावर आहे, पेनही आहे. बी.एड. नसलेल्यांनीही सही केली तर चालेल, मी केलीय. ज्यांचे अर्ज लिहायचे राहिलेत त्यांनी रविवारी झेरॉक्स घेऊन या. अकराच्या आत या, दोन वाजता मला गेटवर हजेरी आहे.