कोपनहेगनची रबरी पिशवी

१९५२च्या उन्हाळ्यात डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन पोलिओच्या साथीने हवालदिल झाली होती. ब्लेगडॅम रुग्णालयात दिवसाला पन्नासपर्यंत रुग्ण येत आणि त्यांतल्या अनेकांचे श्वासाचे स्नायूच लुळे पडलेले असत. श्वास देणारी यंत्रे मात्र अवघी सात. पहिल्या तीन आठवड्यांत यंत्रावर ठेवलेल्या ३१ रुग्णांपैकी २७ दगावले.

रुग्णांच्या रक्तात बायकार्बोनेट वाढलेले दिसे. डॉक्टरांनी त्याचा अर्थ लावला, की रक्त अल्कधर्मी होत आहे. भूलतज्ज्ञ ब्योर्न इब्सेन यांनी नेमके उलट सांगितले: श्वास अपुरा पडतो, कार्बन डायऑक्साइड बाहेर जात नाही आणि तोच रक्तात साठून रक्त आम्लधर्मी होते.

२७ ऑगस्टला त्यांना एक रुग्ण देण्यात आली. बारा वर्षांची मुलगी, हातपाय लुळे, घशातल्या स्रावांनी गुदमरलेली. गळ्याला छेद देऊन श्वासनलिकेत नळी बसवली, तरी हवा आत जाईना. ती जिवाच्या आकांताने धडपडत होती. इब्सेन यांनी तिला गुंगीचे औषध दिले. धडपड थांबताच रबरी पिशवी हाताने दाबून त्यांनी तिची छाती भरायला सुरुवात केली. श्वास कमी पडला की तिला घाम फुटे, रक्तदाब चढे; पुरेसा मिळाला की दोन्ही उतरत.

मुलगी वाचली.

मग सुमारे १५०० वैद्यकीय विद्यार्थी पाळ्या लावून रुग्णांच्या उशाशी बसले. रात्रंदिवस पिशवी दाबायची आणि रुग्णाचा रंग, घाम, नाडी यांवर नजर ठेवायची. प्रयोगशाळेत पॉल आस्ट्रुप रक्ताची आम्लता मोजत. मृत्यूंचे प्रमाण निम्म्याहून खाली आले. पुढच्याच वर्षी इब्सेन यांनी कोपनहेगनमध्येच अतिदक्षता विभाग उभारला. जगातल्या पहिल्या अशा विभागांत त्याची गणना होते.

आज बोटाला लावलेला ऑक्सिमीटर क्षणात आकडा दाखवतो. पण तो ऑक्सिजनचा असतो, कार्बन डायऑक्साइडचा नव्हे. ऑक्सिजन चालू असलेल्या रुग्णाचा आकडा चांगला दिसत असतानाही कार्बन डायऑक्साइड साठू शकतो. म्हणून आपले माणूस रुग्णालयात असेल, तर नुसत्या आकड्यावर विसंबू नका. त्याला गुंगी येऊ लागली, दरदरून घाम फुटला, श्वास उथळ किंवा फार मंद झाला, तर सकाळच्या राउंडची वाट न पाहता त्याच क्षणी सिस्टरना बोलवा.