पाटी तीच, धंदा दुसरा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली बाई. अध्यक्षबाईंनी बोलायला सांगितले तेव्हा म्हटले, भाकरीविषयी विचारा, कराविषयी मी काय सांगणार? त्या म्हणाल्या, "जे सोसलेत तेच सांगा." म्हणून उभी राहिले आहे.

चिंचवडात आमचा दोन लेथचा लहानसा कारखाना आहे. पंधरा वर्षे तो ह्यांच्या एकट्याच्या नावावर होता. पुढे धाकटे दीर आले, आणि २०२३ च्या १ ऑक्टोबरपासून भागीदारी झाली. मलाही भागीदार केले. पाटी तीच, लेथ तेच, गिऱ्हाइके तीच. कागद पुढे आला, मी सही केली.

मुलगी सासरी गेली की नाव बदलते, माणूस तेच राहते. इथे उलटे झाले. नाव तेच राहिले, पण सरकारच्या लेखी माणूस बदलले. एकट्याच्या धंद्याला मालकाचाच पॅन चालतो. भागीदारीला स्वतःचा वेगळा पॅन लागतो. पॅनचे चौथे अक्षर पाहा. व्यक्तीच्या पॅनमध्ये ते 'पी' असते, पेढीच्या पॅनमध्ये 'एफ'. जीएसटीच्या पंधरा अक्षरी नंबरात आपल्या महाराष्ट्राचे २७ आणि त्यापुढे पॅनच असतो. म्हणून तो नंबरही नवा घ्यावा लागतो.

इथेच आम्ही चुकलो. नवा नंबर हाती येताच ह्यांनी जुना रद्द करून टाकला. पोलादाच्या खरेदीवर भरलेल्या कराची अडतीस हजारांची वजावट जुन्या खात्यात शिल्लक होती. आधी आयटीसी-०२ हा फॉर्म भरून, चार्टर्ड अकाउंटंटचा दाखला जोडून, ती नव्या खात्यात वळवायची असते. आम्ही ते केले नाही, आणि रक्कम गेली. मुलीच्या फीसाठी ठेवलेल्या पैशांतून ती भर काढली.

नंबर रद्द झाल्यावर तीन महिन्यांत जीएसटीचे शेवटचे विवरणपत्र द्यावे लागते. प्राप्तिकराचीही त्या वर्षी दोन विवरणपत्रे झाली. एप्रिल ते सप्टेंबरचा नफा ह्यांच्या विवरणपत्रात, ऑक्टोबर ते मार्चचा पेढीच्या. पेढीला तोटा झाला तरी विवरणपत्र चुकत नाही. तिच्या नफ्यावर पहिल्या रुपयापासून तीस टक्के कर, वर उपकर. तो भरल्यावर नफ्यातला आपला वाटा आपल्या हाती पुन्हा करपात्र होत नाही. पगार मात्र होतो. गिऱ्हाइकांनाही नवा पॅन वेळेवर कळवा, नाहीतर ते कापतात तो कर जुन्याच नावावर जमा होतो.

आणखी एक गोष्ट सांगते. बोलू नये, पण घरधनी गेले आणि बाईने धंदा पुढे चालवला, तरी पॅन बदलतो. तेव्हाही नवा नंबर आणि तोच फॉर्म. त्यांच्या हयातीतल्या उत्पन्नाचे विवरणपत्र वारसाने भरायचे असते.

१९३२ च्या भागीदारीच्या कायद्याप्रमाणे पेढीचे देणे भागीदाराच्या घरादारापर्यंत येऊ शकते. मी सही केली तेव्हा हे मला ठाऊक नव्हते. आता कागद आला की मी चष्मा लावते आणि विचारते, "हे काय आहे?" हेही आता चिडत नाहीत, समजावून सांगतात. भाजीवालीकडे आपण आठ आण्यांसाठी घासाघीस करत आलो. सही करण्याआधी एक प्रश्न विचारायला काय हरकत आहे?