दसऱ्याची मोटार आणि मळ्यातली पिकअप



कोल्हापूरच्या दसरा चौकात शाही सोहळ्याला येणारी छत्रपतींची मेबॅक मोटार तुमच्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. राजाराम महाराजांच्या कारकिर्दीतली (1922 ते 1940) ही जर्मन बनावटीची गाडी अजून जपलेली आहे. ती निघाली की माणसं टाचा उंचावून बघतात.

आता मळ्यातली पिकअप बघा. एका बाबतीत दोघी एकाच जातीच्या. त्या काळच्या मोठ्या मोटारींना खाली लोखंडी चासी आणि तिच्यावर वेगळी बांधलेली बॉडी असे. आजच्या बहुतेक पिकअपचंही तसंच असतं. चासीवर पुढं केबिन, मागं हौदा. फरक आहे तो कामाचा. मोटारीत माणसाला धक्का बसू नये हे पाहिलेलं असतं. पिकअपचे मागचे पाटे वजन पेलण्यासाठी कडक ठेवलेले असतात. म्हणून रिकामी पिकअप उडते, खडखडते.

दुसरा फरक हिशेबाचा. मानाची मोटार वर्षभर उभी राहिली तरी तिचा मान कमी होत नाही. पिकअप उभी राहिली, तर ती बसून खाणाऱ्या बैलासारखी. तेव्हा शेजाऱ्यानं घेतली म्हणून घेऊ नका. आधी खेपा मोजा.

समजा, हप्ता महिना 15,000 रुपये. विमा, टायर, दुरुस्तीसाठी 3,000 बाजूला. झाले 18,000. शाहू मार्केट यार्डात माल नेण्याचं भाडं खेपेला 1,500 वाचतं आणि डिझेल-ड्रायव्हरला 600 जातात. उरले 900. म्हणजे महिन्याला 20 खेपा झाल्या, तरच बरोबरी. हे आकडे नमुन्याचे. आपल्या वहीत आपले घाला. खेपा कमी भरत असतील, तर चौघांनी मिळून भाड्याची गाडी ठरवलेली बरी.

वजनाचंही तसंच. आर.सी. पुस्तकात मोकळ्या गाडीचं वजन आणि मालासह एकूण वजन दिलेलं असतं. वजाबाकी करा, त्यातून बसणाऱ्या माणसांचं वजन काढा. उरेल तेवढाच माल. गुळाचे 30 किलोचे 50 रवे म्हणजे दीड टन झाले! जादा भरलं की पाटे तुटतात, टायर तापतात आणि ब्रेक लवकर धरत नाही. करूळ घाट उतरताना खालच्या गिअरमध्येच उतरा. गाडी न्यूट्रल करून डिझेल वाचवायला जाऊ नका.

आणि एक कळकळीचं सांगणं. जोतिबाच्या यात्रेला हौद्यात माणसं भरू नका. तो हौदा मालाचा आहे. अपघात झाला, तर विमा कंपनी त्या माणसांची भरपाई देईलच असं नाही. जीव जातो तो जातोच, वर जमीन विकायची पाळी येते.

मोटार मानासाठी जपतात, पिकअप पोटासाठी राबवतात. पण राबणाऱ्या गाडीलाही वेळेवर ऑईल, हवा आणि विश्रांती लागते, हे ध्यानात असू द्या.