मूळ आर्थरचे रखवालदार

अध्यक्षीय भाषण



अध्यक्षपद वर्षभराचे असले तरी भाषण एकच असते, आणि त्यानंतर अध्यक्षांना उलट प्रश्न विचारण्याची सोय कार्यक्रमपत्रिकेत नसते. या सवलतीचा पुरेपूर लाभ घेऊन, राजा आर्थरच्या मध्ययुगीन आख्यायिकेवर बेतलेल्या आधुनिक इंग्रजी कुमारकादंबऱ्यांवर मागील परिसंवादात ठेवल्या गेलेल्या आरोपाचा येथे समाचार घ्यावयाचा आहे. कुमारकादंबरी म्हणजे बालपण सुटलेल्या आणि प्रौढत्वात अद्याप न शिरलेल्या वाचकाला मध्यवर्ती मानून लिहिलेली कादंबरी. आरोप असा की, या कादंबऱ्या मूळ कथेची मोडतोड करतात. तो कोणी केला, त्यावर टाळ्या कोणी वाजवल्या आणि नंतरच्या इतिवृत्तातून कोणाची उत्तरे गाळली गेली, हे सभागृहास ठाऊक असल्यामुळे त्याची उजळणी अनावश्यक आहे.

मूळ कथा नेमकी कोणती, हे आरोपकर्त्यांनी आजवर सांगितलेले नाही, कारण ते सांगता येण्याजोगेच नाही. जेफ्री ऑफ मॉनमथ याने ११३६च्या सुमारास लॅटिनमध्ये लिहिलेल्या ब्रिटनच्या राजांच्या इतिहासात आर्थरला पहिले सविस्तर राजचरित्र लाभले, परंतु त्यात लॅन्सलॉट नाही, ग्रेल नाही, गोलमेज नाही आणि दगडातून उपसलेली तलवारही नाही. मानाच्या जागेवरून सरदारांत तंटे होऊ नयेत म्हणून योजलेले गोलमेज ११५५ मध्ये वास या नॉर्मन कवीने कथेत आणले. संमेलनांच्या व्यासपीठांवरील खुर्च्यांचा इतिहास जाणणाऱ्यांना त्या मेजाची थोरवी वेगळी सांगणे नलगे. राणी ग्विनिव्हिअरचा प्रियकर म्हणून लॅन्सलॉटला त्याच शतकात उभे केले ते क्रेतियाँ द त्र्वा या फ्रेंच कवीने. ग्रेल नावाचे गूढ पात्रही त्यानेच कथेत आणले आणि ते काव्य अपुरे ठेवले. पुढे रोबेर द बोराँ याने त्या पात्राचा संबंध ख्रिस्ताच्या अखेरच्या भोजनाशी जोडला आणि राजपदाची कसोटी म्हणून तलवार दगडावरील ऐरणीत रोवली. मॉर्ड्रेड हा आर्थरला स्वतःच्या बहिणीपासून झालेला पुत्र, ही भर तर तेराव्या शतकातील फ्रेंच गद्यचक्राची, म्हणजे एकमेकींत गुंफलेल्या दीर्घ गद्यकथांच्या मालिकेची, आहे. मोडतोड हा गुन्हा ठरवावयाचा झाल्यास या सर्वांना आरोपींच्या पिंजऱ्यात उभे करावे लागेल, आणि त्यानंतर रक्षण करण्यासाठी कथाच शिल्लक उरणार नाही.

सर टॉमस मॅलरी याने कैदेत असताना ही सामग्री इंग्रजी गद्यात एकत्र आणली आणि १४७०च्या सुमारास काम पुरे केले. विल्यम कॅक्स्टन याने १४८५ मध्ये ते छापले. पुढे जवळजवळ साडेचार शतके ही छापील प्रत हाच मॅलरी समजला गेला. १९३४ मध्ये विंचेस्टर कॉलेज या शाळेच्या ग्रंथसंग्रहात वॉल्टर ओकशॉट यांना हस्तलिखित सापडले, १९४७ मध्ये यूजीन विनावर यांनी त्याच्या आधारे संपादित आवृत्ती काढली, आणि रोमविरुद्धच्या युद्धाचे प्रकरण छापील प्रतीत किती आखडलेले होते ते उघड झाले. सारांश, संक्षेपाचा रोग इंग्रजी मुद्रणाइतकाच जुना आहे.

या रोगाविषयी काही अधिक बोलणे प्राप्त आहे. संक्षिप्त आवृत्ती म्हणजे काय गाळले ते न सांगता उरलेला भाग संपूर्ण म्हणून वाचकाच्या हाती देणारे पुस्तक. सिडनी लॅनिअर यांनी १८८० मध्ये खास मुलांसाठी मॅलरी निवडून-पाखडून काढला आणि त्या वाटेने शाळाशाळांत सोवळ्या आर्थरची रांग लागली; प्रौढांसाठी लिहिणाऱ्या टेनिसन या इंग्रज कवीनेही मॉर्ड्रेडला पुत्रपदावरून उतरवून पुतण्या-भाच्यांच्या गर्दीत बसवले होते. मूळ कथा म्हणून ज्या आर्थरची आज रखवाली चालते तो या सोवळ्या रांगेतला, फार तर दीडशे वर्षांचा आहे. चित्रवाणीने, क्रिकेटने आणि मोबाइलने मिळून जितके वाचक पळवले नसतील तितके एकट्या संक्षिप्त आवृत्तीने पळवले. पाठांतरी परीक्षा, निःसत्त्व समीक्षा आणि संमेलनाध्यक्षांच्या निवडणुकीतील अंधमतदान यांचेही मूळ, थोडा शोध घेतल्यास, तेथेच सापडेल. व्यासपीठावरील एका ज्येष्ठ स्नेह्यांनी तरुणपणी अशा दोन आवृत्त्या सिद्ध केल्या होत्या हे खरे, परंतु त्यांची भाषा प्रासादिक असल्यामुळे त्या या विवेचनातून वगळल्या आहेत.

प्रस्तुत अध्यक्षांना शालेय वयात बक्षीस मिळालेल्या अशाच एका पुस्तकात मॉर्ड्रेड अखेरच्या काही पानांत अवचित उगवत असे, राजावर वार करत असे आणि मरत असे. तो कोण आणि इतका का पेटला, असे विचारल्यावर, हे परीक्षेला नाही, एवढेच उत्तर वर्गात मिळाले. पुढे मॅलरी हाती आल्यावर कळले ते असे की, मे महिन्याच्या पहिल्या दिवशी जन्मलेले मूल राज्याचा नाश करील या जादूगार मर्लिनच्या भाकितामुळे आर्थरने त्या दिवशी जन्मलेली सरदारघराण्यांतील बालके जहाजात घालून समुद्रात सोडली, जहाज फुटले आणि मॉर्ड्रेड तेवढा वाचला. तेरा वर्षांच्या वाचकापासून हे लपवून त्याला राजनिष्ठेचे धडे देणारे पुस्तक शुद्ध, आणि हेच प्रकरण उघडणारी कादंबरी भ्रष्ट, हा न्याय ज्यांना पटतो त्यांची सरशी मागील कार्यकारिणीत झाली होती, याचे आश्चर्य वाटू नये.

नॅन्सी स्प्रिंगर यांनी १९९८ मध्ये नेमका तोच मॉर्ड्रेड निवेदक केला आणि पित्याच्या हत्येचे भाकीत कपाळी घेऊन वाढणाऱ्या मुलाची बाजू मांडली. त्याआधी १९३८ मध्ये टी. एच. व्हाइट यांनी मॅलरीने न लिहिलेले आर्थरचे बालपण लिहिले, ज्यात मर्लिन त्या पोराला मासा आणि पक्षी बनवून राज्यकारभार शिकवतो. केव्हिन क्रॉसली-हॉलंड यांच्या २००० सालच्या कादंबरीत ११९९ मधील वेल्सच्या सरहद्दीवरचा आर्थर नावाचाच मुलगा काळ्या ज्वालाकाचेच्या तुकड्यात दुसऱ्या आर्थरची कथा पाहतो, आणि त्यामुळे आख्यायिका व तिचा मध्ययुगीन श्रोता हे दोघे एकाच पुस्तकात समोरासमोर येतात.

आरोपकर्त्यांना सर्वाधिक झोंबली ती फिलिप रीव्ह यांची २००७ची कादंबरी, जिला पुढील वर्षी कार्नेगी पदक मिळाले. तीत आर्थर हा लुटारू टोळीचा दांडगा म्होरक्या आहे, आणि मिर्डिन नावाचा भाट त्याच्या प्रत्येक दुष्कृत्यावर सुरस कथा चढवतो. सरोवरातून तलवार देणारी देवता म्हणजे त्याने पाण्यात उतरवलेली ग्विना ही अनाथ मुलगी असते. राजाची अप्रतिष्ठा केल्याचा ठपका रीव्ह यांच्यावर ठेवण्यात आला, परंतु कीर्ती कशी रचली जाते, कोण रचतो आणि कोणाच्या अंगावरून रचतो, हा कादंबरीचा विषय ठपका ठेवणाऱ्यांना इतका जवळचा का वाटला, याचा खुलासा त्यांनीच केलेला बरा.

ट्रेसी डिऑन यांच्या २०२०च्या कादंबरीने हा प्रश्न अमेरिकेत नेला. नॉर्थ कॅरोलायनातील विद्यापीठात गोलमेजाच्या सरदारांचे वंशज एक गुप्त मंडळ चालवतात, आणि अखेरीस आर्थरचा वारसा ब्री या सोळा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलीपर्यंत येतो, कारण तिच्या गुलाम पूर्वजेवर गोऱ्या मालकाने केलेल्या अत्याचारातून तो वंश वाहत आलेला असतो. वंशशुद्धीवर उभ्या असलेल्या आख्यायिकेला तिच्याच नियमाने कोंडीत पकडण्याची ही रीत मॅलरीच्या मॉर्ड्रेडशी नाते सांगणारी आहे, कारण तेथेही राजाने दडवलेले रक्तच राजापुढे उभे राहते. सर्वच पुनर्लेखने या तोडीची नसतात, हे उघड आहे. सर्वच मूळग्रंथही नसतात.

मराठी श्रोत्यांना तर हा वाद मुळीच अवघड वाटू नये. मोरोपंतांनी एकाच रामकथेवर अष्टोत्तरशत रामायणे रचली, आणि त्यांतले खरे कोणते, असा दावा घेऊन कोणी पंतांच्या दारी गेल्याची नोंद नाही. त्याच परंपरेचा अभिमान संमेलनगीतात गाणाऱ्यांनी रीव्ह किंवा डिऑन यांच्यापुढे मूळ प्रत मागावी, हा विनोद त्यांच्या लक्षात आलेला दिसत नाही.

मागील संमेलनात मांडला गेलेला ठराव असा होता की, प्रत्येक पुनर्लेखनाच्या मुखपृष्ठावर मूळ कथेत फेरफार केल्याची सूचना छापावी. प्रस्तुत अध्यक्ष त्या ठरावास संपूर्ण पाठिंबा देत असून त्यास एकच उपसूचना जोडत आहेत: प्रत्येक संक्षिप्त आवृत्तीच्या मुखपृष्ठावर गाळलेल्या प्रकरणांची यादी तितक्याच ठळक अक्षरांत छापली जावी, आणि यादीस मुखपृष्ठ अपुरे पडल्यास मलपृष्ठही वापरावे. उपसूचना मतास टाकण्यात यावी, आणि कार्यवाहांनी ती इतिवृत्तात नोंदवताना कृपया संक्षेप करू नये.