लेकरू घेऊन खाडीत: एका मुक्कामाची तयारी

(रत्नागिरी येथे महिला कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आजचा विषय ऐकून तुमच्यातल्या काहीजणी हसल्या. पोटगी, मारहाण, रेशनकार्ड यांवर बोलणारी बाई आज कयाक घेऊन खाडीत मुक्कामाला जाण्याबद्दल बोलणार, आणि तेही लहान मूल बरोबर घेऊन! हसा जरूर. पण त्या हसण्यामागे एक समजूत आहे, ती तपासून पाहू या. मौज ही चैनीची गोष्ट, आणि मूल झालेल्या बाईने तर ती निदान दहा वर्षे बाजूला ठेवायची, अशी ती समजूत आहे. घरातला पुरुष रात्रभर मित्रांबरोबर गळ टाकून बसला तर 'मूल कुणाकडे ठेवलंस?' असे त्याला कोणी विचारत नाही. बाईला पहिला प्रश्न तोच असतो.

आमच्या गटातल्या पाच जणींनी यंदाच्या थंडीत भाट्याच्या खाडीतून काजळी नदीने वर जायचे, एक रात्र काठावर तंबूत राहायचे आणि दुसऱ्या दिवशी परतायचे ठरवले आहे. बरोबर तीन मुले आहेत. त्यांतली सर्वांत धाकटी माझी मुलगी, साडेचार वर्षांची. या तयारीत आम्ही जे गोळा केले ते तुमच्यापुढे ठेवते.

बाईने पाण्यात उतरणे आपल्या किनाऱ्याला नवीन नाही. ओहोटीला कमरेइतक्या पाण्यात उभ्या राहून तिसऱ्या, मुळे, कालवे काढणाऱ्या बायका तुम्ही रोज पाहता. त्यांची मुलेही काठाशी खेळत असतात. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत 'स्वामिनी' बचत गटाच्या बायका २०१७ पासून स्वतः होडी वल्हवून पाहुण्यांना कांदळवन दाखवतात. म्हणजे कामासाठी पाण्यात गेलेली बाई कोणाला खुपत नाही. ती स्वतःच्या आनंदासाठी गेली की खुपते.

आता भीतीबद्दल. भीती खोटी नाही. १८ जानेवारी २०२४ ला वडोदऱ्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची होडी उलटली. १२ मुले आणि २ शिक्षिका गेल्या. होडीत माणसे जास्त होती आणि लाइफ जॅकेट सगळ्यांच्या अंगावर नव्हती. 'म्हणून मुलांना पाण्यावर नेऊच नये' असा धडा यातून काढणारे पुष्कळ भेटतात. मी वेगळा धडा घेते. मुलांचा जीव कुणाच्या भरवशावर सोडायचा नाही. होडीत किती माणसे बसणार, प्रत्येकाला जॅकेट आहे का, हवा कशी आहे, हे आईला समजले पाहिजे आणि 'थांबा' म्हणायचा अधिकार तिला असला पाहिजे. बाईला घरी बसवल्याने कोणी सुरक्षित होत नाही. तिच्या हाती माहिती आल्याने होते.

पहिली माहिती भरती-ओहोटीची. आपल्या कोळी आजीला ती तोंडपाठ असते. तिथीची पाऊणपट करा, त्या सुमारास पूर्ण भरती. षष्ठीला सहाची पाऊणपट म्हणजे साडेचार. रत्नागिरीला भरती मुंबईच्या थोडी आधी येते, म्हणून नक्की वेळ भरतीच्या तक्त्यात पाहून घ्यायची, पण अंदाजाला हा हिशेब पुरतो. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी, आणि रोजची वेळ सुमारे ५० मिनिटांनी पुढे जाते.

याचा उपयोग असा. षष्ठीच्या आसपास सकाळी दहाच्या सुमारास पाणी चढू लागते. तेव्हा निघाले की पाणीच आपल्याला वर ढकलते आणि दुपारच्या आत मुक्कामी पोचता येते. पुढची भरती पहाटे संपते, आणि सकाळी सातला निघालो की ओसरते पाणी आपल्याला खाली आणते. वाराही साथ देतो. दिवसा समुद्राकडून खारे वारे, पहाटे जमिनीकडून मतलई वारे. शिवाय अष्टमीच्या जवळ भांगाची भरती असते, तिचा ओढ अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाइतका नसतो. उलट दिशेने, ओढीविरुद्ध वल्हवायची वेळ आली तर मोठी बाईसुद्धा अर्ध्या तासात थकते. मूल बरोबर असताना एका दिवसात दोन तासांहून जास्त वल्हवायचे नाही, असे आम्ही ठरवले आहे. आणि जायचे ते खाडीच्या आतल्या बाजूला. मुखाशी वाळू साचते, तिथे लाटा फुटतात, तिकडे जायचेच नाही.

चिपळूणच्या वाशिष्ठीत मगरी आहेत. कोणतीही खाडी निवडा, आधी तिथल्या मासेमाऱ्यांना विचारा. पावसाळ्याचे महिने तर सोडूनच द्या.

दुसरी गोष्ट लाइफ जॅकेट. मुलाचे जॅकेट वयावर नाही, वजनावर ठरते. मोठ्या माणसाचे जॅकेट दोरीने आवळून मुलाला घालणे म्हणजे फसवणूक आहे. जॅकेट घातल्यावर खांद्याशी धरून मुलाला वर उचला. हनुवटी आत घसरली तर ते मोठे आहे. दोन पायांमधून जाणारा पट्टा हवाच, नाही तर पाण्यात जॅकेट वर आणि मूल खाली राहते. फुगवायच्या रबरी कड्यांवर विसंबू नका. मुलाला कयाकला कधीही बांधू नका, कयाक उलटली तर ते अडकते. एका मुलामागे एक मोठी बाई, तिच्याकडे दुसरे काम नाही. निघण्याआधी दोन रविवार गुडघाभर पाण्यात सराव: कयाक मुद्दाम उलटवायची, मुलाला पाण्यात पडू द्यायचे, वर घ्यायचे. ज्या मुलाने हे हसत केले आहे ते प्रसंगी घाबरत नाही. तंबूची एक रात्र आधी अंगणात काढायची. मूल रडले तर घर चार पावलांवर आहे.

तिसरी गोष्ट मुक्कामाची जागा. कांदळवनात तंबू नाही. तिथे चिखल, आणि कांदळवन कायद्याने राखलेले आहे. दगडी पायऱ्या किंवा धक्का असलेली जागा निवडा, म्हणजे ओहोटीला मूल कडेवर घेऊन गुडघाभर रेंद्यातून चालावे लागणार नाही. पहाटेची भरती आपण झोपेत असताना येते, म्हणून काठावरच्या कचऱ्याच्या रेषेच्या बऱ्याच वर तंबू ठोका. जमीनमालकाची परवानगी घ्या, गावच्या पोलीस पाटलांना कळवा.

कातळावर रात्री फुरसे आणि विंचू निघतात. बूट-चपला तंबूत ठेवायच्या, घालण्याआधी झटकायच्या, अंधारात बॅटरीशिवाय पाऊल टाकायचे नाही. लाल विंचवाचा दंश मुलांना जिवावर बेततो. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे साधे औषध वापरून अशा रुग्णांचे प्राण वाचवले. १९८०च्या दशकापासून त्यांचे हे काम जगभरच्या डॉक्टरांना माहीत आहे. दंशानंतर घाम, उलट्या, हातपाय गार पडणे दिसले तर मंत्र-तंत्रात एक मिनिट घालवू नका. साप चावला तर चिरायचे नाही, दोरीने आवळायचे नाही, तो अवयव हलू न देता दवाखाना गाठायचा. मुक्कामापासून रस्ता किती लांब, जवळच्या कोणत्या रुग्णालयात सर्पदंशाची लस आहे, हे जाण्याआधीच विचारून कागदावर लिहा. त्याच कागदावर १०८, ११२ आणि तटरक्षक दलाचा १५५४ हे क्रमांक. एक प्रत घरी ठेवायची, त्यात लिहायचे: सकाळी अकरापर्यंत फोन आला नाही तर शोध सुरू करा.

पाणी माणशी चार लिटर, कारण खाडीचे पाणी खारट. जेवण मुलांच्या ओळखीचे: घावन, मऊ भात, मेतकूट, लाडू. उन्हाची टोपी, मीठ-साखरेची पुडी, कोरड्या कपड्यांची बंद पिशवी.

आणि आता खरा मुद्दा. ही सगळी यादी कोणाच्या डोक्यात आहे? माझ्या. बहुतेक घरांत सहलीला सगळे जातात आणि आई मात्र स्वयंपाकघरच उचलून बरोबर नेते. तिथेही तीच वाढणार, तीच आवरणार, तीच जागणार. मग मुक्काम तरी कशाला? म्हणून आमची यादी कार्यालयाच्या भिंतीवर लावली आहे आणि प्रत्येक ओळीपुढे एक नाव आहे. कोणाचा नवरा येणार असेल तर त्याचेही नाव आहे. 'मी मदत करीन' हे वाक्य आम्ही चालवून घेत नाही. मदत दुसऱ्याच्या कामात करतात. मूल दोघांचे आहे. रात्री जागायच्या पाळ्याही लावल्या आहेत, म्हणजे प्रत्येकीला निदान चार तास सलग झोप आणि एक तास एकटीने नुसते काठावर बसायला मिळेल. तो तासही यादीत आहे, त्याच्यापुढेही नाव आहे.

हवाईतल्या ऑड्रे सदरलँड यांनी चार मुले एकटीने वाढवली. नोकरी केली आणि साठीच्या सुमारास ती सोडून हवा भरायच्या छोट्या कयाकमधून अलास्काचा किनारा वर्षानुवर्षे एकटीने पालथा घातला. त्यांच्याकडे पाहून मला धाडसापेक्षा तयारीचे कौतुक वाटते. मुलांना कोणत्या वयात काय यावे याचीही त्यांनी यादी केली होती, आणि त्यात पोहणे होते. आपल्या किती मुलींना पोहता येते? खाडीकाठी जन्मून?

शेवटी, परत फिरण्याचा नियम. ढग आले, वारा फिरला, मुलाला ताप आला, किंवा पाचांपैकी एकीने 'नको' म्हटले, की बेत रद्द. एकीलाही बहुमताने पाण्यात लोटायचे नाही.

तुमच्याकडून मला एवढेच हवे आहे. तुमच्या बचत गटाने यंदा लाइफ जॅकेटांसाठी पैसे बाजूला काढावेत, मोठ्यांची आणि मुलांचीही मापे घ्यावीत. शनिवार-रविवार ती सहलीला वापरा, आणि आठवड्याचे बाकी दिवस ती तिसऱ्या काढणाऱ्या बायकांच्या आणि त्यांच्या पोरांच्या अंगावर असू द्या. त्या रोज पाण्यात उतरतात, आणि त्यांच्यासाठी आजवर अशी यादी कोणी केलेली नाही. ती पुढच्या बैठकीत आपण करू या.