सर्क्युलर तिकिटावर दोघांचा भारत

(मंडळाच्या कार्यक्रमातील भाषणाचा सारांश)



आम्ही उभयता बारा वर्षे स्लीपर क्लासने देश पाहतो आहोत. आमच्याकडे रेल्वेचा पास आहे. ज्यांच्याकडे नाही, त्यांनी सर्क्युलर तिकीट काढावे. बिलासपूरहून पुरी, चेन्नई, रामेश्वरम, कन्याकुमारी, मुंबई करून परत बिलासपूर, एकच तिकीट! वाटेत जास्तीत जास्त आठ ठिकाणी उतरता येते. अंतर वाढते तसा किलोमीटरमागचा दर उतरतो, म्हणून हे स्वस्त. प्रत्येक टप्प्याचे आरक्षण मात्र वेगळे करावे लागते. मुक्कामाला स्टेशनची रिटायरिंग रूम. रात्री गाडीत झोपलो तर तेही भाडे वाचते.

‘निवृत्तीनंतर बघू’ म्हणू नका. ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली. दोघांनाही वरच्या बर्थवर चढता येते, तोवरच निघा.

गणपती बाप्पा मोरया!