दहा डॉलरची पटकथा



विनोदी बोलपट पाहून हसत बाहेर पडणारा प्रेक्षक नटाचे नाव घेतो, नटीचे घेतो. ज्या वाक्याला आपण हसलो ते कोणी लिहिले, ही चौकशी तो करीत नाही. यात त्याचा दोष आम्ही मानीत नाही. परंतु १९३०च्या सुमारास हॉलिवुडात खुद्द चित्रपट काढणारी मंडळीही लेखकाची फारशी पत्रास ठेवीत नसत. एकाने लिहावे, दुसऱ्याने खोडावे, तिसऱ्याने त्यात विनोद घालावेत, आणि शेवटी दिग्दर्शकाने त्याचे हवे ते करावे, अशी तिथली रीत. ही रीत ज्याने मोडली त्या प्रेस्टन स्टर्जेसविषयी आज बोलावयाचे आहे.

स्टर्जेसचा जन्म २९ ऑगस्ट १८९८ रोजी शिकागोचा. जन्मदाता बाप त्याच्या वाट्याला आलाच नाही. आई मेरी ही मात्र मुलखावेगळी बाई. १९०१ साली दोन वर्षांच्या पोराला घेऊन ती पॅरिसला गेली, आणि तिथे इसाडोरा डंकन या विख्यात नर्तकीशी तिचा जन्माचा स्नेह जडला. परत येऊन तिने सॉलोमन स्टर्जेस या शेअरदलालाशी लग्न केले, आणि त्या भल्या गृहस्थाने मुलाला दत्तक घेतले. तेव्हापासून मुलाचे दोन संसार सुरू झाले. आईबरोबर युरोपात असला की संगीतिका, संग्रहालये आणि नाटकगृहे. बापाकडे आला की हिशेब, व्यवहार आणि शांत घर. आईने चालविलेल्या कलेच्या या माऱ्याला पोर इतके विटले की बापाची व्यापारी दुनियाच त्याला खरी वाटू लागली. आईने पुढे सौंदर्यप्रसाधनांचे दुकान काढले. १९१४ साली तिच्या दोव्हिल येथील शाखेचा कारभार हा जेमतेम पंधरा वर्षांचा मुलगा पाहत होता! महायुद्धानंतर त्याने ओठांवरून सहजी न पुसला जाणारा रंगही शोधून काढला. लेखक होण्याचे चिन्ह मात्र कुठेच नव्हते.

१४ सप्टेंबर १९२७ रोजी नीस येथे इसाडोराची लांब रेशमी शाल मोटारीच्या चाकात अडकली आणि गळा आवळून तिचा अंत झाला. ती शाल मेरीनेच तिला भेट दिलेली होती. त्यानंतर थोड्याच महिन्यांनी स्टर्जेस पोटाच्या शस्त्रक्रियेसाठी इस्पितळात पडला. वय एकोणतीस, धंद्यात यश नाही, घटस्फोट होऊ घातलेला. पडल्या पडल्या नाट्यशास्त्रावरचे एक पुस्तक हाती आले आणि त्याने ठरविले, नाटके लिहावयाची. १८ सप्टेंबर १९२९ रोजी त्याचे 'स्ट्रिक्टली डिसऑनरेबल' ब्रॉडवेवर लागले. पुढच्याच महिन्यात शेअरबाजार कोसळला, पण या नाटकाचे ५५७ प्रयोग झाले. त्यानंतरची नाटके पडली. त्यांची नावे सांगून आपला वेळ घेत नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. १९३३ साली 'द पॉवर अँड द ग्लोरी'ची संपूर्ण पटकथा त्याने एकट्याने लिहून विकली आणि उत्पन्नात टक्केवारी मागून घेतली. पगारी लेखकाच्या त्या दुनियेत हे अघटितच होते. तरीही दिग्दर्शन दुसऱ्याचेच राहिले. विनोदी वाक्य म्हणजे नुसते शब्द नव्हेत. वाक्यापूर्वी क्षणभर थांबावयाचे की नाही, कॅमेरा बोलणाऱ्यावर ठेवावयाचा की ऐकणाऱ्यावर, यावर हशा ठरतो. देवलांसारखा नाटककार स्वतः तालीम घेत असे, तो याचसाठी. आपल्या रंगभूमीवर जी साधी गोष्ट, ती हॉलिवुडात लेखकाला नाकारलेली होती.

स्टर्जेसपाशी १९३३ पासून पडून असलेली एक पटकथा होती. तिचा नायक एक भणंग. नगराध्यक्षाच्या निवडणुकीत तो दर मतामागे दोन डॉलर घेऊन एका रात्रीत ३७ ठिकाणी मत देतो, त्या गुणावर वर चढतो, आणि राज्यपाल झाल्यावर प्रामाणिक होऊ पाहतो तेव्हाच बुडतो. (आपल्या नगरपालिकेशी याचा संबंध कोणी जोडू नये.) ही पटकथा त्याने पॅरामाउंट कंपनीला दहा डॉलरला देऊ केली. अट एकच: दिग्दर्शन मी करणार. एरवी लिखाणावर हजारोंनी डॉलर मिळविणारा हा माणूस! काही जण यात त्याग पाहतात. आम्ही पाहत नाही. दलालाच्या घरी वाढलेल्या मुलाला कोणता शेअर कधी घ्यावा हे पक्के कळत होते, इतकेच.

१९४० साली तो 'द ग्रेट मॅकगिंटी' पडद्यावर आला, आणि मूळ पटकथेसाठी दिले गेलेले पहिलेच ऑस्कर पारितोषिक त्याला मिळाले. १९४१ मध्ये जॉन ह्यूस्टन आणि १९४२ मध्ये त्याच पॅरामाउंटमध्ये बिली वाइल्डर हे पटकथालेखक दिग्दर्शकाच्या खुर्चीवर बसले. स्टर्जेसने स्वतः त्या कंपनीसाठी आठ चित्रपट केले. त्यांतला 'द ग्रेट मोमेंट' कंपनीने त्याच्या मनाविरुद्ध कापून, फिरवून १९४४ साली प्रदर्शित केला. तोपर्यंत तो कंपनी सोडून गेलेला होता.